सायकलींच्या सहली : काही दूरच्या, काही आपल्या

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या मंडळाच्या चिटणीसबाई माझ्या घरी आल्या, त्या नुसत्या तिळगुळासाठी आल्या नव्हत्या, हे त्यांच्या हातातल्या वहीवरूनच मी ओळखले. "माई, स्मरणिकेसाठी लेख द्या. आपल्या रविवारच्या सायकल-सहलींवर लिहा," त्या म्हणाल्या.

"अगं, मी सायकलवर कुठे बसते आता? मी रिक्षातून थर्मास घेऊन तुमच्या मागे येणारी बाई."

"म्हणूनच म्हणते. मागून येणाऱ्याला सगळे दिसते."

हे वाक्य त्या सहज बोलून गेल्या. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. मागून येणाऱ्याला काय दिसते, हे मला एका फार जुन्या रविवारी कळायला हवे होते आणि कळले नव्हते. ती हकिगत पुढे सांगेन. आधी थोडा इतिहास सांगते. कारण चार माणसांनी सायकली काढून एकत्र बाहेर पडायचे, वाटेत चहा घ्यायचा, गाणी म्हणायची आणि संध्याकाळी घरी यायचे, ही गोष्ट दिसायला साधी असली तरी तिच्यापायी जगात पुष्कळ वादंग झालेले आहेत.

आजची सायकल म्हणजे दोन्ही चाके सारखी, मागचे चाक साखळीने फिरणारे. हे रूप तिला इंग्लंडात १८८५ च्या सुमारास जॉन केम्प स्टार्ले याने दिले. त्याआधीची सायकल पुढे भले थोरले चाक आणि मागे लहानसे, अशी असे. तिच्यावर चढायचे म्हणजे घोड्यावर चढण्यापेक्षाही अवघड, आणि पडायचे ते थेट डोक्यावर. १८८८ साली डनलपने हवेचा टायर काढला आणि हाडे खिळखिळी होण्याचे थांबले. आपल्याकडेही हे वारे लगेच आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, ते याच सुमारास. पुढच्या साऱ्या कारखानदारीचे मूळ त्या दुकानात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

स्त्रियांनी सायकलवर बसावे की नाही, यावर विलायतेतही कमी काथ्याकूट झाला नाही. सायकलच्या ताणाने बायकांचा चेहरा कायमचा ओढल्यासारखा होतो, असे डॉक्टर म्हणवणारी माणसे मासिकांतून लिहीत. तरण्या मुलीने सोबतीवाचून बाहेर कसे पडावे, हा दुसरा प्रश्न. त्यावर तोड म्हणून लंडनमध्ये सायकल चालवणाऱ्या पोक्त सोबतिणी भाड्याने पुरवणारी एक संस्थासुद्धा निघाली होती! मला तर वाटते, त्या सोबतिणींनाच सर्वांत जास्त मौज आली असेल.

पण ही झाली सुखवस्तू घरांतली गोष्ट. मला सांगायचे आहे ते क्लॅरियन सायकल क्लबाविषयी. 'क्लॅरियन' म्हणजे तुतारी. या नावाचे एका पेनीचे साप्ताहिक रॉबर्ट ब्लॅचफर्ड याने १८९१ च्या डिसेंबरात मँचेस्टरमध्ये सुरू केले. (आपल्या केशवसुतांची 'तुतारी' १८९३ ची. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नसणार. पण काळच तुताऱ्यांचा होता म्हणायचा.) पत्र कष्टकऱ्यांच्या बाजूचे, समाजवादी मतांचे, पण लिहिण्याची रीत हसतखेळत. १८९४ च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅममध्ये या पत्राचे सहा-सात तरुण वाचक जमले. टॉम ग्रूम हा त्यांच्यातला पुढारी. त्यांनी सायकलींचा क्लब काढला आणि लवकरच त्याला या साप्ताहिकाचे नाव दिले. वर्ष संपेपर्यंत आणखी चार गावांत तसे क्लब निघाले. १८९५ च्या ईस्टरच्या सुट्टीत सगळे क्लब डर्बीशायरमधल्या ॲशबोर्न या गावी जमले आणि सर्वांचा मिळून एक संघ झाला. त्यानंतर दर ईस्टरला असा मेळा भरू लागला.

आता त्या माणसांचा आठवडा कसा असे, हे ध्यानात घ्या. शनिवारी दुपारपर्यंत गिरणी, कारखाना नाही तर दुकान. मोकळा दिवस काय तो रविवार. गावात धूर, गल्लीत घरांना घरे चिकटलेली. चांगली नवी सायकल कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीएवढी महाग. म्हणून कोणी जुनी घ्यावी, कोणी हप्त्याने घ्यावी. मग रविवारी सकाळी ठरलेल्या चौकात जमायचे आणि वीस-पंचवीस मैलांवरच्या खेड्यात जायचे. चर्चमध्ये जायचे सोडून ही मंडळी भटकतात, म्हणून धर्मनिष्ठ लोक नाके मुरडीत. क्लबाचे लोक पाठीवर आपल्या साप्ताहिकाचे गठ्ठे आणि पत्रके घेऊन जात, खेड्यातल्या हिरवळीवर उभे राहून व्याख्यान देत. व्याख्यान संपले की चहा, पावरोटी आणि गाणी. रस्त्यात दुसऱ्या गावचा क्लबवाला भेटला की एकाने "बूट!" म्हणून ओरडायचे आणि दुसऱ्याने "टाचा!" म्हणून उत्तर द्यायचे. (टाच म्हणजे घोड्याला मारायची लोखंडी टाच.) याचा अर्थ काय म्हणून विचाराल तर काही नाही, आपल्या माणसाने आपल्याला ओळखले, एवढाच.

त्या क्लबांभोवती गायनाची मंडळे निघाली, नाटकमंडळ्या निघाल्या, रानातली फुले-पाखरे पाहत हिंडणाऱ्यांचे गट निघाले. सुट्टीत राहुट्या ठोकून मुक्काम होऊ लागले. चेशायरमध्ये त्यांनी आपले एक विश्रामगृहही काढले. लग्नेही पुष्कळ जमली असणार, हे मी वेगळे सांगायला नको.

या क्लबांत बायकांना मज्जाव नव्हता. त्या काळी हे मोठेच होते. साप्ताहिकात स्त्रियांचे सदर ज्युलिया डॉसन या टोपणनावाने एक बाई चालवीत. त्यांच्याच कल्पनेतून १८९६ च्या उन्हाळ्यात एक घोड्याची गाडी निघाली. आत बायकांनी राहायचे, तिथेच स्वयंपाक करायचा आणि गावोगाव उतरून भाषणे द्यायची! आपल्याकडे त्या वेळी बाईने चार लोकांत उभे राहून बोलणे म्हणजे काय होते, ते आठवून पाहा.

त्याच १८९६ साली मँचेस्टरच्या क्लबात दोन बहिणी आल्या. थोरली क्रिस्टाबेल सोळा वर्षांची, धाकटी सिल्व्हिया चौदा वर्षांची. पुढे स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या त्या पँकहर्स्ट भगिनी याच. वडील वकील. थोरलीच्या आग्रहाखातर त्यांनी सायकली घेऊन दिल्या. क्रिस्टाबेलला नामांकित कारखान्याची, जवळजवळ तीस पौंडांची. सिल्व्हियाला मात्र ओळखीच्या एका समाजवादी गृहस्थाने गॅसच्या नळ्यांपासून बनवलेली. त्या वजनदार सायकलीवर धाकटी चढावर धापा टाकीत राही, आणि थोरली बघता बघता टेकडीपलीकडे दिसेनाशी होई. सिल्व्हियाबाईंनी हे १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे, म्हणजे पस्तीस वर्षांनंतर. एवढ्या अवधीत त्यांनी तुरुंगात उपोषणे केली, मोर्चे काढले, बहिणीशी मतभेद होऊन वाटा वेगळ्या झाल्या. पण तो चढ त्या विसरल्या नाहीत.

हे मी वाचनालयात बसून वाचले तेव्हा माझे वय पन्नाशीच्या पुढे होते. पुस्तक मिटून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

१९६५ साल. मी पुण्यात कॉलेजात होते. तेव्हाचे पुणे म्हणजे सायकलींचे गाव. सकाळी लक्ष्मी रस्त्याने घंटांचा नुसता किणकिणाट चाले. सायकलीला म्युनिसिपालिटीचा बिल्ला लागे, अंधार पडला की दिवा लागे, डबलसीट दिसले की पोलीस शिटी फुंके. गल्लोगल्ली भाड्याने सायकल देणारे असत; वहीत नाव आणि वेळ लिहायची आणि तासाच्या हिशेबाने पैसे द्यायचे. मी लहानपणी तशाच भाड्याच्या सायकलीवर हाफ पॅडल मारत शिकले. कॉलेजात गेले तेव्हा वडिलांनी मला नवीकोरी लेडीज सायकल घेऊन दिली. मागच्या चाकाला साडीगार्ड, पुढे करंडी. तिचा मला किती अभिमान होता, ते आज लिहितानाही हसू येते.

आम्ही सात-आठ जणी मिळून रविवारी सहलीला जायचो. आमच्या जथ्याला नाव नव्हते, वर्गणी नव्हती, पदाधिकारी नव्हत्या. माझी एक जिवलग मैत्रीण होती. तिचे नाव लिहीत नाही. घरची स्थिती बेताची. तिला स्वतःची सायकल नव्हती. ती पैसे साठवून भाड्याची सायकल आणायची, आणि दुकानात लेडीज सायकल उरली नसली तर पुरुषी सायकलीवर, साडीचा काचा घट्ट करून, तशीच निघायची.

त्या रविवारी आम्ही कात्रजच्या तळ्यावर जायला निघालो. ते तळे पेशव्यांच्या वेळचे. तिथून जमिनीखालच्या दगडी नळाने शहरातल्या हौदांना पाणी येत असे. स्वारगेट मागे पडले की तेव्हा खरोखरच गाव मागे पडे. दोन्ही बाजूंना शेते, आणि रस्ता हळूहळू चढत जाणारा. नुसत्या डोळ्यांना तो चढ दिसत नाही, पायांनाच कळतो. आमच्यात पैजा लागल्या. मी पुढे होते. मागे वळून पाहिले तेव्हा ती एका वळणावर उतरून सायकल हाताने ढकलत येत होती. एकीने विचारले, "थांबायचं का गं?" मी म्हटले, "येईल की ती. रस्ता काय चुकणार आहे?"

हे शब्द माझे आहेत, दुसऱ्या कोणाचे नाहीत.

तळ्यावर आम्ही डबे उघडले, गाणी झाली, भेंड्या झाल्या. ती आलीच नाही. पंक्चर झाली असेल, असे आपले आम्ही एकमेकींना सांगितले. परतताना रस्ताभर उतार. कोणाच्या मनात काही राहिले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात ती भेटली. रागावलेली नव्हती. "अगं, तास भरत आले होते. पुढे आले असते तर परतायला दुपार झाली असती, आणि तेवढे पैसे नव्हते जवळ," एवढेच म्हणाली आणि तासाला बसली. चेन दोनदा पडली होती, हे तिच्या बोटांच्या काळ्या नखांवरून मला कळले. त्यानंतर ती आमच्याबरोबर कधी आली नाही. दरवेळी काही तरी काम निघे. आम्हीही पुढे पुढे विचारीनाशा झालो. लग्न होऊन ती विदर्भात गेली आणि पत्रे थांबली.

म्हणून जुन्या सायकल-क्लबांची माहिती वाचताना मी एक गोष्ट मुद्दाम शोधते : शेवटच्याचे काय करीत? त्या काळच्या पुष्कळ क्लबांत पुढे कप्तान असे, तो वेग ठरवी. आणि उपकप्तान असे, त्याने सर्वांच्या मागे राहायचे. काही ठिकाणी बिगुलवालाही असे; त्याच्या इशाऱ्यावर उतरायचे, चढायचे, थांबायचे. हा लष्करी थाट मला आधी पोरकट वाटला होता. आता त्या मागे राहणाऱ्या उपकप्तानाविषयी मात्र फार आदर वाटतो.

सर्वच क्लबांनी मागच्यांची फिकीर केली, असे मात्र नाही. काहींनी तर दारातच अडवले. अमेरिकेतल्या बॉस्टनची किटी नॉक्स ही कपडे शिवून पोट भरणारी मुलगी. बाप कृष्णवर्णीय, आई गोरी. उत्तम सायकलपटू. लांब घोळदार झग्याऐवजी स्वतःच्या हाताने शिवलेली आखूड विजार घालून ती सायकल चालवी, आणि १८९५ च्या जुलैत तिच्या पोशाखाला स्पर्धेत बक्षीसही मिळाले. अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या मोठ्या संघाची ती १८९३ पासूनची सभासद. पण १८९४ साली त्या संघाने ठराव केला की, सभासद फक्त गोरेच होतील. पुढल्या वर्षी न्यू जर्सीत ॲसबरी पार्कला संघाचा मेळावा भरला. किटी आपले सभासदत्वाचे कार्ड घेऊन तिथे गेली, तर तिला मानायला नकार मिळाला. वृत्तपत्रांतून मोठा गदारोळ झाला. ठराव होण्याआधीची सभासद म्हणून तिचा हक्क शाबूत आहे, असे काहींचे म्हणणे पडले. १९०० साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, ती वारली. तो ठराव त्या संघाने औपचारिकपणे रद्द केला तो १९९९ साली! आकडा चुकलेला नाही, भगिनींनो.

आणि पोशाखावरून अडवणूक तर सरदारघराण्यातल्या बाईचीही झाली. १८९८ च्या ऑक्टोबरात लेडी हार्बर्टन सायकलीवरून फिरता फिरता सरे परगण्यातल्या ऑकम येथील हॉटेलात जेवायला थांबल्या. अंगात विजारीसारखा पोशाख होता. मालकीणबाईंनी त्यांना चांगल्या खोलीत बसू दिले नाही; दारूच्या गुत्त्याच्या बाजूच्या खोलीत बसा म्हणाल्या. सायकल-प्रवाशांच्या संघाने खटला भरला आणि १८९९ साली तो हरला; कारण दुसऱ्या खोलीत का होईना, खायला देऊ केले होते ना! कायदा हा असा असतो. तरी आपल्या एका सभासद बाईच्या जेवणासाठी एवढा मोठा संघ कोर्टात उभा राहिला, ही गोष्ट मला खटला जिंकण्याहून लहान वाटत नाही.

क्लॅरियनवाल्यांचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. ब्लॅचफर्डने आधी बोअर युद्धाची आणि मग १९१४ च्या महायुद्धाची बाजू घेतली, त्याने त्याचे पुष्कळ वाचक दुखावले. साप्ताहिक पुढे बंद पडले. क्लब मात्र टिकले. १९३६ साली त्यांचे आठ हजारांवर सभासद होते. १९३८ साली त्यांच्यातले दोघे जण ग्लासगोहून थेट बार्सिलोनापर्यंत सायकलीने गेले, ते युद्धात होरपळणाऱ्या स्पेनसाठी मदत गोळा करायला.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा हट्ट धरून मी लँकेशायरमधल्या नेल्सन गावाजवळचे क्लॅरियन हाऊस पाहून आले. लँकेशायर म्हटले की आपल्याला आठवते ते तिथले कापड आणि आपली परदेशी कपड्यांची होळी. त्याच भागातल्या गिरणीकामगार बायकांनी १९३१ साली गांधीजींचे हसतमुखाने स्वागत केले होते. नेल्सन हेही असेच विणकरांचे गाव. तिथल्या मजूरपक्षीय मंडळींनी १९१२ साली पेंडल टेकडीच्या परिसरात हे बैठे घर बांधले. पायी वा सायकलीने येणाऱ्यांनी टेकावे, चहा घ्यावा आणि जावे, एवढ्यासाठी. आम्ही गेलो तो रविवार होता आणि घर उघडे होते. भिंतीवर जुनी छायाचित्रे, लांब बाके, आणि चहा चांगला अर्धा लिटरच्या मगात! मी म्हटले, "अहो, एवढा नको." वाढणारी बाई म्हणाली की चढून आलात ना, मग हा लागेलच. मी मोटारीतून आले होते, हे तिला सांगण्याचा मला धीर झाला नाही.

तिथे बसले असताना एक सायकलवाल्यांचा गट आला. बारा-पंधरा जण. मगातला चहा संपत आला तरी एकही जण उठेना. कोणाची तरी वाट पाहत होते. बऱ्याच वेळाने एक माझ्याएवढ्या वयाची बाई आणि तिच्याबरोबर एक तरुण मुलगा, असे दोघे फाटकातून आत आले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी काही बोलले नाही. एकाने सरकून बाकावर जागा केली, एवढेच.

परत आल्यावर आपल्या मंडळात सायकल-सहलीची टूम निघाली, तेव्हा मी नियम एकच सुचवला होता, हे आपणांपैकी काहींना आठवत असेल : पंप, पंक्चरचे सामान आणि पाण्याची बाटली घेऊन एकीने सर्वांच्या मागे राहायचे, आणि शेवटची पोचल्याशिवाय डबे उघडायचे नाहीत. हल्ली ते काम चिटणीसबाई स्वतःकडे घेतात. त्यावर कुरकूर होत नाही असे नाही. गिअरच्या सायकली असलेल्या आपल्या तरुण भगिनींना ऊन चढायच्या आत परतायचे असते, घरी मुले असतात, त्यांचेही काही चुकत नाही.

गेल्या मार्गशीर्षात आपण कात्रजलाच गेलो. आता तिथे शेते नाहीत. पूल आहेत, दुकाने आहेत, मोटारींची रांग आहे. चढ मात्र तेवढाच आहे. मी रिक्षातून आधी पोचून थर्मास मांडून बसले होते. एकेक जणी आल्या. सर्वांत शेवटी, चाळीस मिनिटे उशिरा, चिटणीसबाई आल्या आणि त्यांच्यासोबत आपल्याकडे नव्यानेच येऊ लागलेल्या एक ताई. मुलाची शाळेची सायकल घेऊन आल्या होत्या. सीट खाली, पॅडल जड. चेहरा लालबुंद. येताच म्हणाल्या, "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला. पुढच्या वेळी मी नाही हो येत."

मी त्यांच्या हातात चहा दिला आणि त्यांची बोटे पाहिली. काळी झाली होती.

"चेन पडली होती का?" मी विचारले.

"दोनदा," त्या म्हणाल्या.

चेन घट्ट करून देणारा एक म्हातारा माझ्या ओळखीचा आहे. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना घेऊन त्याच्याकडे गेले. सीटही वर करून घेतली. पुढच्या सहलीला त्या आल्या, आणि शेवटूनच दुसऱ्या आल्या. पोहे मात्र त्या दिवशीही गार झालेच. तेव्हा यापुढे पोहे घरून करून न नेता तिथेच स्टोव्ह पेटवून करावेत, असे कार्यकारिणीत ठरले आहे. स्टोव्ह कोणी आणायचा, हे अजून ठरायचे आहे.